एका हाताचा नमस्कार

आम्ही त्या गावात राहायला गेलो त्याच दिवसाची गोष्ट. जेवणं उरकली, मी खरकटे हात घेऊन परसात आले, तांब्या उचलला आणि हातावर धार धरणार, तेवढ्यात शेजारच्या भिंतीवरून एक डोकं वर आलं. काळी टोपी, जाड भिंगांचा चष्मा आणि पिकलेल्या मिशा.

"थांबा, मास्तरीणबाई," ते डोकं म्हणालं. "दगडावर पाणी ओतू नका. हात इकडे काढा."

मी नगर शहरात वाढलेली. नवऱ्याची मराठी शाळेवर बदली झाली म्हणून पाथर्डीच्या अंगाच्या या खेड्यात आले होते. सामान अजून सुटायचं होतं, गावात कोणाचं तोंड ओळखीचं नव्हतं, आणि एक परका गृहस्थ मला हात कुठे धुवायचे ते सांगत होता. माझ्या माहेरी असं कोणी भिंतीवरून बोललं असतं तर वडील काठी घेऊन धावले असते. मी जागच्या जागी थिजले. पण त्या आवाजात असा काही सरकारी खाक्या होता, की मी मुकाट्याने दोन्ही हात भिंतीपलीकडे काढले आणि धुतले. पलीकडे पपईचं रोप होतं. माझ्या हातावरची आमटी त्याच्या बुंध्याशी पडली.

"मंजूर," डोकं म्हणालं आणि खाली गेलं.

हे आमचे गोपाळतात्या. पुढे त्यांच्या शेजारी राहताना मला इतक्या वेळा धक्के बसले, की पहिल्या दिवसाचा हा प्रसंग मला नंतर अगदी साधा वाटू लागला.

तात्यांनी मामलेदार कचेरीत कारकुनी केली होती. मुदत भरायच्या आत नोकरी सोडून ते या गावी, आपल्या आजोळी, दोन खोल्यांच्या घरात येऊन एकटे राहिले होते. बायको नाही, मूलबाळ नाही, नातलग कोणी फिरकत नसे. कचेरी सुटली होती, पण कचेरीची भाषा काही सुटली नव्हती. भाजीवाली दुधी घेऊन दारात आली की, "अर्ज नामंजूर. दुधी मला बाधतो." ताप आला की, "आज मी रजेवर आहे." दारात कुत्रं येऊन बसलं तर त्यालाही म्हणायचे, "तुझं प्रकरण उद्या बघू."

त्यांच्या परसातली झाडंसुद्धा नोकरीत होती. पपई, जास्वंद, दोन पेरू, एक शेवगा या तात्पुरत्या नेमणुका. कोपऱ्यातली लिंबोणी तेवढी कायम. आम्ही गेलो त्या सालापासून पावसाने डोळे वटारले होते. जून कोरडा, श्रावणात नुसती भुरभुर, बाजरी वीतभर वाढून करपलेली. तात्यांचं एकेक झाड उन्हाने जाऊ लागलं तसे ते भिंतीवरून मला बातमी द्यायचे. "काल जास्वंद पेन्शनीत निघाली." "शेवग्याने राजीनामा दिला." ज्या पपईवर मी हात धुतले होते ती गेली त्या दिवशी त्यांनी टोपी काढली होती. मला हसू आलं आणि मग हसल्याची लाजही वाटली.

अशा माणसाला गावातलं कुठलंही सांडपाणी दिसलं की राहवत नसे. माझ्या सासूबाई कडक सोवळ्याच्या. एक दिवस त्या मोरीत आंघोळीला बसल्या होत्या आणि मोरीच्या भोकातून पहारीचं टोक आत आलं. सासूबाईंनी जी किंकाळी फोडली ती शाळेत यांना ऐकू गेली. मी धावत बाहेर आले. बघते तर तात्या भिंतीच्या पलीकडे उकिडवे बसून आमच्या मोरीचं तोंड स्वतःच्या लिंबोणीकडे वळवत होते.

"तात्या, आत माणूस आहे," मी म्हणाले.

"म्हणूनच घाई चाललीय," ते म्हणाले. "पाणी निघून जाईल."

सासूबाई पुढे पुष्कळ दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. मोरी मात्र तशीच राहिली.

पाटलांच्या मुलीच्या लग्नात तर कहर झाला. मांडवात नवरदेवाचे पाय धुतले, पाटलांनी ते पाणी डोळ्यांना लावलं, आणि कोणाला काही कळायच्या आत तात्या ती परात उचलून मांडवाबाहेर चालते झाले. वऱ्हाडातल्या लोकांना वाटलं, या गावची तशी रीत असेल. व्याही तर परातीला हात जोडून बाजूला झाले.

त्याच लग्नात माझ्या ध्यानात आलं, की तात्या कोणालाही हात जोडत नाहीत. व्याही समोर येऊन वाकले, तेव्हा तात्यांनी उजवा हात छातीवर ठेवला आणि मान हलवली. डावा हात पाठीमागे. देवळातही तसंच. कीर्तनकार बुवा आले तरी तसंच. गावात यावर बरंच बोललं जायचं. कोणी म्हणे कचेरीचा ताठा आहे, कोणी म्हणे साहेब लोकांची सवय लागली. आमचे हे म्हणायचे, "तत्त्व असेल काहीतरी." यांना सगळीकडे तत्त्व दिसतं.

आमची कुशी तेव्हा तीन वर्षांची. तिला तात्यांचा भारी लळा. मोरीचं पाणी वळवूनही तात्यांचं समाधान होईना, म्हणून त्यांनी मला अर्ज केला, की मुलीची आंघोळ थेट लिंबोणीच्या आळ्यात घालावी. मला आधी विचित्र वाटलं, मग सोयीचं वाटलं. रोज सकाळी कुशी लिंबोणीखाली उभी राहायची, मी पाणी घालायची आणि तात्या पाठ फिरवून ओट्यावर बसून म्हणायचे, "कानामागे घाला. कानामागचं पाणी झाडाला चांगलं." असलं शास्त्र त्यांनी कुठून काढलं होतं कोण जाणे. आंघोळ झाली की कुशी ओल्या अंगाने त्यांच्याकडे धावायची आणि बोट धरायला बघायची. तात्या लगेच दोन्ही हात पाठीमागे बांधून घ्यायचे. गोष्ट सांगतील, खिशातून बत्तासा काढून ओट्यावर ठेवतील, पण हात देणार नाहीत. एकदा ती त्यांच्या पाठीमागे जाऊन हात सोडवायला लागली, तर हे गृहस्थ उठून घरात गेले आणि दार लावून घेतलं. मला राग आला. मूल आहे ते, चावणार होतं का?

आणखी एक गोष्ट मला खटकायची. गावची विहीर ओढ्याकाठी, आमच्या घरांपासून हाकेच्या अंतरावर. सगळं गाव तिथून पाणी भरायचं. तात्या मात्र तिकडे कधी जात नसत. सगुणाबाई म्हणून एक बाई आमच्याकडे भांडी घासायला यायची, तीच त्यांनाही रोज एक हंडा आणून द्यायची. त्या एका हंड्यात पिणं, स्वयंपाक आणि आंघोळ. बाकी सगळं गावचं उष्टं पाणी. मी एकदा म्हणाले, "तात्या, लोकांच्या चुळा गोळा करत फिरण्यापेक्षा स्वतः दोन कळशा ओढून आणा की. हातपाय धड आहेत तुमचे."

"नामंजूर," तात्या म्हणाले, आणि त्या दिवशी पुन्हा भिंतीवर आले नाहीत.

दुसरं साल पहिल्याहून वाईट निघालं. लढाईचे दिवस, रॉकेल मिळत नव्हतं, धान्याला रांगा, आणि त्यात हे. विहिरीच्या तळाशी झरा होता तिथे पोरीबाळी उतरून वाटीवाटीने कळशी भरायच्या. लोकांनी गुरं विकली, काही घरं कुलपं लावून गोदाकाठाला गेली. श्रावण संपला, भाद्रपद लागला, आणि आभाळ घासलेल्या ताटासारखं लख्ख.

मग गावाने ठरवलं, महादेवाला पाण्यात कोंडायचं.

ही चाल मी ऐकली होती, पाहिली नव्हती. महादेवाच्या गाभाऱ्यातलं पाणी बाहेर जायला गोमुख असतं, ते चिंध्या आणि चिखल कोंबून बुजवायचं. उंबऱ्यावर मातीचा बांध घालायचा. मग घरटी पाणी आणून गाभारा भरायचा, पिंड पूर्ण बुडेपर्यंत, आणि दार लावून घ्यायचं. देव आत गुदमरला की नाइलाजाने पाऊस पाडतो. पाऊस पडला की त्याला मोकळं करायचं. प्यायला पाणी नाही अशा गावाने रांग लावून देवाला बुडवायला पाणी आणलं. मीही एक कळशी ओतली. सासूबाई म्हणाल्या, ओत, आणि तेवढ्या पाण्यात दोन दिवसांचा स्वयंपाक झाला असता हे मी मनातसुद्धा म्हणाले नाही, इतका सगळ्यांचा जीव मेटाकुटीला आला होता.

मला वाटलं, तात्या आता आकांत करतील. एवढं पाणी, आणि लिंबोणीला टिपूस नाही. पण ते भिंतीवर आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. त्यांनी पाण्याचं नावसुद्धा काढलं नाही.

"पूर्ण बुडवलाय का?" त्यांनी विचारलं.

"हो. टोकसुद्धा दिसत नाही."

"आणि दार?"

"लावलंय की. कडी घातलीय."

"आत अंधार असेल मग," तात्या म्हणाले.

त्या संध्याकाळी त्यांनी परत तेच विचारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी विचारलं, दुपारी विचारलं. "अजून बुडालेलाच आहे?" मी वैतागून म्हणाले, "तात्या, मी काय देवाची पहारेकरी आहे?" त्यांनी मान हलवली. लिंबोणीची पानं गळत होती आणि त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी देवळाकडून आरडाओरडा ऐकू आला. सगळं गाव पळत सुटलं, त्यात मीही. देवळामागची वाट चिखलाने भरली होती. गोमुखातून शेवटची बारीक धार गळत होती, आणि एवढं घरोघरीचं पाणी वाटेवरून वाहून धुळीत जिरलं होतं. कोंबड्या त्यात चोची मारत होत्या. गाभाऱ्याचं दार सताड उघडं. आत तात्या बसले होते. कोपरापर्यंत चिखल, टोपी पडलेली, आणि स्वतःच्या उपरण्याने पिंड पुसत होते. लहान मुलाचं डोकं पुसावं तशी, हलक्या हाताने.

पाटील पुढे झाले.

"तात्या, ह्ये काय केलंत?"

"गुदमरत होता," तात्या म्हणाले.

"कोन?"

"हा. आत. दार लावून ठेवलेलं."

"आवं, त्यो देव हाय," पाटील म्हणाले. त्यांचा आवाज रागाने नाही, आश्चर्याने फुटला होता. "गुदमरावा म्हनून तर कोंडला हुता."

"किती वेळ?" तात्यांनी वर पाहून विचारलं. "किती वेळ ठेवायचं माणसानं एखाद्याला पाण्याखाली?"

कोणी म्हणालं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. कोणी म्हणालं, कुठलं डोकं, लिंबोणीसाठी केलं हे, पाणी चोरायला आला आणि सापडला. पण माझी नजर त्या चिखल झालेल्या वाटेवर होती. पाणी लिंबोणीकडे गेलंच नव्हतं. ज्या माणसाने माझ्या सासूबाईंच्या आंघोळीचा थेंब सोडला नाही, त्याने एवढं पाणी रस्त्यावर जाऊ दिलं होतं आणि एक तांब्याही भरून घेतला नव्हता. देव मोकळा झाल्याचा मला धक्का बसला नाही, तेवढा याचा बसला.

दुपारी देवळापुढे गाव बसलं. आमचे हे बाजू मांडायला उभे राहिले आणि "यामागे काही तत्त्व" इथपर्यंत येऊन खाली बसवले गेले. निकाल असा झाला, की आता देव कोपलाच आहे. पुन्हा कोंडायला गावात पाणी नाही. घटस्थापनेपर्यंत पाऊस पडला तर ठीक, नाही पडला तर तात्यांनी गाव सोडावं. आणि तोवर कोणी त्यांना घोटभर पाणी द्यायचं नाही. सगुणाबाईला हंडा बंद करायला सांगितलं.

तात्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "हुकूम मिळाला." आणि घरी आले.

मी त्याच संध्याकाळी भिंतीवरून कळशी पुढे केली. त्यांनी घेतली नाही. "नामंजूर. मास्तरांची नोकरी आहे. गाव तुम्हालाही वाळीत टाकेल." मी पुष्कळ बोलले. ते टोपी नीट करून आत गेले. मग मी कुशीच्या हातात छोटा तांब्या दिला आणि तिला पाठवलं. ती ओट्यावर जाऊन उभी राहिली आणि ठसक्यात म्हणाली, "अर्ज आहे." तात्यांनी तांब्या घेतला, तोही तिने जमिनीवर ठेवल्यावर. त्या तांब्यातलं पाणी ते प्यायले आणि तळाशी उरलेलं लिंबोणीला घातलं. असं रोज चालू झालं. पण एवढ्याशा तांब्यावर माणूस किती दिवस काढणार? त्यांचे गाल बसले. लिंबोणीवर काटे तेवढे राहिले.

एक दिवस मी सगुणाबाईवरच घसरले. "त्यांना विहीर काही बंद केलेली नाही ना कोणी? तुम्ही आणायचं नाही एवढंच ठरलंय. मग हा माणूस स्वतः जाऊन एक कळशी का भरून आणत नाही? तहानेने मरेल, पण हट्ट सोडणार नाही, याला काय म्हणायचं?"

सगुणाबाईने हातातलं भांडं खाली ठेवलं.

"बाई, तुमाला ठावं न्हाई व्हय," ती म्हणाली. "ते हिरीवर जात न्हाईत. हिरीचं तोंड बगत न्हाईत."

"का?"

"माझं म्हायेर तिकडचं, ते नोकरीला हुते त्या गावचं. त्यास्नी ल्योक हुता. वामन नाव. आपल्या कुशीपेक्षा थोडा मोठा आसंल. त्या साली लई पाऊस झाल्ता, हिर काठोकाठ भरली हुती. पोरगं मागं लागलं, दादा, पानी बगू. म्हनून न्हेलं तात्यांनी. हात धरूनच हुते बगा, सोडला न्हाई. तेवढ्यात मामलेदार सायेब आलं घोड्यावरनं. आता सायेबच समोर आल्यावर मानूस काय करील? तात्यांनी वाकून नमस्कार केला."

मग आपल्या ओल्या हातांकडे बघत म्हणाली, "दोनी हातांनी केला, बाई."

मला पहिल्यांदा कळलंच नाही. आणि कळलं तेव्हा मी चुलीशी खाली बसले. तो छातीवरचा एक हात, कुशीला बघून पाठीमागे बांधलेले ते दोन हात, अंधारात दार लावून कोंडलेली पिंड, सगळं माझ्या डोळ्यांपुढे आलं. सगुणाबाई सांगत होती, की पोरामागोमाग बायकोही त्याच वर्षी गेली आणि तात्यांनी पुन्हा कचेरीत पाय ठेवला नाही. मला पुढचं नीटसं ऐकू येत नव्हतं. मी एवढ्या दिवसांत कशाकशाला हसले असेन, एवढंच मनात येत होतं.

घटस्थापना परवावर आली. तात्यांनी पत्र्याची ट्रंक भरून ओट्यावर आणून ठेवली. ऊन मी म्हणत होतं. आम्ही कोणी आभाळाकडे बघायचंही सोडून दिलं होतं, म्हणून ढग कधी आले ते गावात कोणी पाहिलं नाही. दुपारी मी तांदूळ निवडत होते. अंगणात काहीतरी टपकन पडलं. मग आणखी. मला वाटलं, पोरं खडे मारताहेत. बाहेर आले तर धुळीत रुपयाएवढे ओले डाग. आणि मग एकदम सगळं आभाळ खाली आलं.

तुम्हाला वाटेल लोक नाचले असतील. कोणी नाचलं नाही. लोक दारात येऊन खांबासारखे उभे राहिले. दोन वर्षांनी पाऊस बघून सगळ्यांना धक्काच बसला होता. गोठ्यातल्या बकऱ्या घाबरून ओरडत होत्या. कुशीला तर कळायला लागल्यापासून असा पाऊस दिसलाच नव्हता. ती माझ्या पदराला धरून वर बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "आई, कोण ओततंय?"

सासूबाईंनी घरातलं प्रत्येक भांडं अंगणात मांडलं. घंगाळ, पातेली, वाट्या, शेवटी देवघरातली पळी. सगळी भरली. मग त्या रिकाम्या हातांनी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आता आणखी पडतोय, त्याचं काय करायचं गं?" असं बोलायची वेळ त्यांच्यावर आजवर आली नव्हती. मग त्या रडायला लागल्या.

पाऊस सबंध दुपार कोसळला, आणि सकाळी मी उठले तेव्हाही पडत होता. मग उघडला. पाटील डोक्याला मुंडासंसुद्धा न बांधता शेतात गेले आणि हाताने माती उकरून ओल किती खोल गेलीय ते बघू लागले. कोपरापर्यंत हात गेला तरी ओल संपेना. घरोघरी पेरणीच्या पाभरी बाहेर निघाल्या, रब्बीच्या ज्वारीचं बियाणं निघालं, आणि बियाण्याबरोबर वादही निघाला. अर्धं गाव म्हणे, देवाला कोंडला म्हणून पाऊस आला. अर्धं म्हणे, तात्यांनी सोडवला म्हणून आला. दोन्ही पक्षांना आपलं इतकं पटलं होतं, की चिखलात उभं राहून भांडणं चालली होती. पण तात्यांनी गाव सोडायचं नाही, यावर मात्र एकमत झालं.

ही बातमी सांगायला मी भिंतीवर गेले. तात्यांच्या परसात लिंबोणी घोटाभर पाण्यात उभी होती. आळं भरून पाणी दगडांवरून वाहून चाललं होतं आणि त्याला नामंजूर म्हणायला कोणी नव्हतं. घराचं दार उघडं. ट्रंक ओट्यावर तशीच. मी हाक मारली. उत्तर नाही.

मग मी कुशीला हाक मारली. तिचंही उत्तर नाही.

"पोरं समदी हिरीवर गेल्यात, पानी बगायला," वाटेवरून जाणारं कोणीतरी म्हणालं. "वढा आत घुसलाय. काठोकाठ भरलीय."

मी कशी धावले ते मला आठवत नाही. पायात काही नव्हतं, चिखलात दोनदा पडले. आमच्या विहिरीला ओढ्याच्या बाजूने कठडा नव्हता. आणि गावातल्या लहानग्या पोरांनी भरलेली विहीर आजवर पाहिलेलीच नव्हती. कड कुठे संपते आणि पाणी कुठे सुरू होतं हे त्यांना माहीत असण्याचं कारण नव्हतं.

मी पोचले आणि थबकले.

चिखलात काठीने एक रेघ ओढली होती. रेघेच्या अलीकडे गावातली झाडून सगळी पोरं ओळीने मांडी घालून बसली होती, आणि रेघेच्या पलीकडे, विहिरीच्या कडेला, तात्या उभे होते. धोतर चिखलाने माखलेलं. चेहरा पांढराफटक. ते विहिरीकडे बघत नव्हते. पण हलतही नव्हते.

"पुढचा अर्ज कोणाचा?" ते म्हणाले.

"माझा," एक पोर उठलं.

"मंजूर. एकट्यानेच यायचं." त्यांनी पोराचं मनगट धरलं, त्याला कडेपाशी नेलं, डोळे मिटून घेतले आणि म्हणाले, "बघ. पोटभर बघ." पोराने बघितलं. तात्यांनी त्याला रेघेच्या अलीकडे आणून बसवलं आणि मगच हात सोडला. "पुढचा अर्ज."

पुढचा अर्ज कुशीचा होता. माझ्या तोंडापर्यंत हाक आली होती. मी ती गिळली. तात्यांनी तिच्याकडे बघितलं, आणि ज्या माणसाने वर्षभर तिला बोट लावू दिलं नव्हतं, त्याने वाकून तिचं मनगट धरलं.

ती कडेपाशी उभी होती आणि पाण्याकडे बघून हसत होती. तेवढ्यात मागून पाटील आणि गावातली माणसं आली. नव्या पाण्याला नारळ द्यायला आली होती, हातात हळदकुंकू होतं. तात्यांना तिथे बघून सगळे थांबले. पाटलांनी नारळ दुसऱ्याच्या हातात दिला, चिखलातून चालत पुढे आले आणि तात्यांसमोर कमरेत वाकून दोन्ही हात जोडले.

"तात्या, चुकलं आमचं. माफी आसावी."

सगळं गाव बघत होतं. एवढा मोठा माणूस समोर वाकलेला, आणि तात्या एका हाताने कुशीला धरून उभे. त्यांचा दुसरा हात उचलला गेला. मला वाटलं, आता तो छातीवर जाईल. तो छातीवर गेला नाही. तो खाली आला आणि त्यांनी कुशीचं मनगट दोन्ही हातांनी धरलं.

"मंजूर," तात्या म्हणाले. पाटलांकडे न बघता.

पाटील बराच वेळ तसेच वाकून राहिले. मग काय समजायचं ते समजून त्यांनी हात खाली घेतले, आणि पोरांच्या ओळीच्या टोकाला जाऊन स्वतःच राखणीला उभे राहिले.

घरी आल्यावर मी कुशीचे पाय धुतले. अर्थात लिंबोणीच्या आळ्यात, आता तिथे पाणी नको असलं तरी. ती डावा हात चोळत होती. मनगटावर बोटांचे लाल वळ उठले होते. मी तिथे खोबरेल लावायला घेतलं तशी ती तक्रार करायला लागली.

"आई, मी म्हटलं पाणी बघून झालं. तरी तात्या सोडतच नव्हते."